व्यवस्थापक, वय वर्षे त्रेसष्ट

“तुमचं नाव काय, ताई?” माझ्या बापानं मला विचारलं.

आधी त्यांनी करणला विचारलं होतं, मग मैथिलीला. मला वगळलं असतं तर ते दिसलं असतं. म्हणून ते माझ्याकडे वळले आणि एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं, नजर जरा खाली ठेवून, त्यांनी विचारलं.

“संजीवनी,” मी म्हणाले.

“बरं. बसा. उन्हाचं आलाय, आधी पाणी घ्या.”

पाडवा होऊन चार दिवस झाले होते. नारायणगावला त्या दिवसांत रस्त्याकडेला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं टोप्या, उपरणी सावरत येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात आणि आपल्या यात्रेला कुठला तमाशा न्यायचा ते ठरवून जातात. वर्षभराचा धंदा त्या दोन-तीन आठवड्यांत ठरतो. आम्ही बसलो होतो ती राहुटी केशरबाई मांडवगणकर यांच्या फडाची होती. दाराशी केशरबाईंचा रंगवलेला मोठा फलक, आत गादी, लोड, एक जाड वही आणि वहीमागे माझे वडील. फडाचे मॅनेजर. सगळे त्यांना तात्या म्हणत. आडनावाची गरज तिथं कुणाला कधी पडली नव्हती.

मी तेव्हा पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. शेवटच्या सत्रात आम्हाला एक विषय निवडता यायचा. वर्गातल्या साठांपैकी बहुतेकांनी बँका आणि विमा घेतला. आम्ही अकरा जणांनी आर्ट्स मॅनेजमेंट घेतलं. तो विषय शिकवायला रेणुका सबनीस मॅडम बाहेरून यायच्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, “कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. तो दिसत नाही. पण तो बाजूला झाला, की दोघांची गाठच पडत नाही. आपण त्या माणसाचं काम शिकणार आहोत.” सगळे लिहून घेत होते. मी लिहिलं नाही. तो माणूस मी जन्मापासून ओळखत होते.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तात्यांनी मला मंचरच्या वसतिगृहात ठेवलं. फडाच्या गाडीत पोर वाढवायची नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘वाहतूक’ असा त्यांनीच लिहिला. फडाचे सहा ट्रक होते, त्यामुळं ते अगदीच खोटं नव्हतं. मी ते पुढं चालवलं. पुण्यात कुणी विचारलं, की मी म्हणायचे, वडिलांचं ट्रान्सपोर्टचं काम आहे, सारखे फिरतीवर असतात.

नारायणगावला जायचं ठरलं तेव्हा मी दोन दिवस आधी त्यांना फोन केला.

“तात्या, आमच्या कॉलेजची मंडळी येणारेत. अभ्यासाला. मीपण असणार.”

“ये की. मग बरंच झालं.”

“त्यांना माहीत नाहीये, तुम्ही माझे...”

पलीकडून ट्रकचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी दोर ओढ म्हणून ओरडत होतं.

“किती जण हायेत?” तात्यांनी विचारलं.

“आम्ही तिघं.”

“बरं. जेवणाचं सांगून ठेवतो,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

राहुटीत आम्ही तीन तास होतो. त्या तीन तासांत मी माझ्या बापाला पहिल्यांदाच कामावर पाहिलं.

साडेअकराच्या सुमाराला एका गावची पाच माणसं आली. त्यांना वैशाख अष्टमीची तारीख हवी होती. तात्या म्हणाले, ती दिली. पाचांतला थोराड मिशावाला एकदम तापला.

“दिली म्हंजे? सहा वर्षं आम्ही दुसऱ्या राहुटीची पायरी चढलो नाय, तात्या. आन तुम्ही आम्हाला असं परत धाडता?”

“परत कोण धाडतंय? पाणी तर प्या, पाटील.” तात्यांनी स्वतः तांब्या पुढं केला. मग अगदी सहज विचारलं, “थोरल्या चुलत्यांशी बोलनं सुरू झालं का?”

मिशावाल्यानं तांब्या खाली ठेवला.

“नाय अजून.”

“मग मागल्या साली जे झालं ते ह्या साली बी व्हणार. स्टेज त्यांच्या दारात घातलं, तुमच्या आळीची पोरं तिकडं बसंनात. माझ्या एका बाईच्या कपाळाला खोक पडली, पाटील. तिनं पट्टी बांधून नाच केला. मी तुम्हाला बोललो नाय.”

“ते आमच्याकडनं झालं नाय.”

“कुणाकडनं झालं ते इचारतच नाय मी. माझं ऐका. कुस्त्या नवमीला असत्यात ना तुमच्या? तमाशा नवमीला घ्या. कुस्त्यांचा फड संपला की लगेच, दिवस मावळायच्या आत. दोन्ही आळ्या फडावर असत्यात, पाव्हणे थांबलेले असत्यात. आन दिवसभर उन्हात बसून मानसं दमलेली असत्यात. भांडायला जोर ऱ्हात नाय.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मिशावाला हसला. थोड्याच वेळात तारीख ठरली. तात्यांनी वही उलटी फिरवून त्याच्यापुढं सरकवली आणि त्याच्या हातात पेन दिलं.

“तुम्हीच लिवा तुमच्या हातानं. म्हंजे मागनं वाद नको.”

मैथिलीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “बघितलंस? नोंद समोरच्याला करायला लावतात. विश्वास तयार करायची काय पद्धत आहे!” तिनं ते वहीत टिपून त्याखाली दोन रेघा मारल्या.

करण उल्हासनगरचा. त्याचं मराठी जरा अडखळत चालायचं, पण तो भारावून गेला होता. “काका, हे सगळं लिहिलेलं कुठे असतं? कुठल्या गावात कोणाचं भांडण, स्टेज कुठे?”

“वहीत निस्त्या तारखा.” तात्यांनी कपाळावर बोट टेकवलं. “बाकी हितं.”

“आणि तुम्ही आजारी पडलात तर?”

“पडलो नाय अजून,” तात्या म्हणाले.

जेवणात बाजरीची भाकरी, मटकी आणि ठेचा होता. तात्या आमच्याबरोबर बसले नाहीत. वाढायला उभे राहिले. मला भाकरी वाढताना म्हणाले, “घ्या, ताई, लाजू नका.” मी घेतली. मैथिली बोलघेवडी होती, तिला गप्प बसवत नसे. जेवता जेवता तिनं विचारलं, “काका, तुम्हाला मुलं किती?”

“एक मुलगी.”

“ती पण फडात आहे?”

“नाय. शिकायला असती.”

“अय्या, काय शिकते?”

तात्या भाकरीची चळत सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. “ते मला नीट सांगता येत नाय. मानसं कशी हाकायची, ते शिकवत्यात म्हनं तिथं.”

करण मोठ्यानं हसला. मैथिली हसली. मीही हसले. चांगलं मोकळं हसले, ते मला अजून आठवतं, कारण हसताना मला ठेच्याचा ठसका लागला. पाण्याचा पेला तात्यांनी पुढं केला आणि मी “थँक यू, काका” म्हणाले.

परतीच्या एसटीत मैथिली खिडकीपाशी बसली होती. चाकण येईस्तोवर ती तात्यांबद्दलच बोलत राहिली. एकदा म्हणाली, “त्या मुलीला कल्पना तरी असेल का गं, आपला बाप काय चीज आहे?”

“असेल,” मी म्हणाले.

“मला नाही वाटत. असती तर ती दुसरीकडे कशाला शिकायला गेली असती?”

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. त्या दिवशी नारायणगावात पंचवीस-तीस राहुट्या होत्या. सबनीस मॅडमनी कुठल्याही एका फडाचा अभ्यास करा म्हणून सांगितलं होतं, नाव दिलं नव्हतं. करण आणि मैथिलीला सगळे फड सारखेच. मला कुठंही जाता आलं असतं. फलकाकडे बोट मीच दाखवलं. परक्या मॅनेजरनं आम्हाला दहा मिनिटांत चहा पाजून वाटेला लावलं असतं. माझा बाप सगळं दाखवील, हे मला माहीत होतं. आणि मला त्या विषयात पहिलं यायचं होतं.

सादरीकरण तीन आठवड्यांनी होतं. समोर सबनीस मॅडम, आमचे संचालक आणि अरुंधती पै. पै बाई एका उद्योगसमूहाच्या कला प्रतिष्ठानाच्या प्रमुख होत्या. लोककलेचा एखादा चालता गट निवडून त्याला तीन वर्षं पाठबळ द्यायचं, अशी त्यांची योजना होती. त्या प्रतिष्ठानात एक जागा भरायची आहे, हेही आमच्या कानावर आलं होतं. कला व्यवस्थापन शिकलेल्यांना तशा नोकऱ्या किती मिळतात? त्या विषयाला आम्ही अकरा जण होतो आणि जागा एक होती.

आमचं सादरीकरण चांगलं झालं. अष्टमी आणि नवमीची गोष्ट करणनं रंगवून सांगितली. सगळे हसले. पै बाई मात्र पेन बोटांत फिरवत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “सुंदर. तुम्ही त्या मॅनेजरच्या प्रेमातच पडलाय. आता मला सांगा, मी या फडाला पैसे का देऊ नयेत? धोका कुठे आहे?”

करण म्हणाला, सिनेमा, टीव्ही, बदलती आवड. पै बाईंनी मान हलवली. “हे मला कुणीही सांगेल. तिथं जाऊन तुम्ही काय पाहिलंत?”

मैथिली वही चाळायला लागली. खोलीत पंखा फिरत होता. सबनीस मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत अपेक्षा होती, आणि कुणी माझ्याकडे अपेक्षेनं पाहिलं की मला गप्प बसवत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड.

“त्या मॅनेजरना वाचता येत नाही,” मी म्हणाले.

“निरक्षर आहेत?”

“नाही. दिसत नाही. गावकऱ्यांना ते स्वतःच्या हातानं नोंद करायला लावतात, ते आम्हाला आधी विश्वासाचं लक्षण वाटलं. पण त्यांना वहीतलं दिसतच नाही. तीन तासांत त्यांनी एकदाही वहीत पाहिलं नाही. सगळ्या तारखा ते पाठ ठेवतात. आणि ही गोष्ट त्यांनी फडाच्या मालकिणीपासून लपवली आहे.”

मैथिली माझ्याकडे वळून बघायला लागली. करणनंही पाहिलं.

“हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?” पै बाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “माझं निरीक्षण आहे.”

सबनीस मॅडमनी टेबलावर हलकेच हात आपटला. “हेच! ही नजर मला शिकवता येत नाही,” त्या संचालकांना म्हणाल्या.

ते निरीक्षण नव्हतं. आदल्या दिवाळीला फडाला दोन दिवस सुट्टी होती, तेव्हा मी गावी गेले होते. तात्या ओट्यावर बसून विजेचं बिल लांब धरत होते, जवळ धरत होते. मग त्यांनी ते माझ्याकडे दिलं. म्हणाले, “वाच गं. मला दोन सालापासून धुरकट दिसतंय.” मी म्हणाले, डॉक्टरला दाखवू, मोतीबिंदू असेल. ते म्हणाले, “यात्रा सरू दे, मग बघू. पर ह्यातलं कुनाला बोलू नको, बाळे. केशरबाईला तर नकोच. आंधळ्या मॅनेजरच्या हातात कोन फड देतंय?” मी म्हणाले, “मी कशाला बोलू?”

लेखी अहवाल इंग्रजीतून आणि मराठीतून द्यायचा होता. उणिवांचा भाग माझ्याकडे आला, कारण तो मुद्दा माझा होता. मी लिहिलं: ‘व्यवस्थापक, वय वर्षे त्रेसष्ट. दृष्टी अधू, नोंदी वाचू शकत नाहीत. ही बाब संस्थेपासून लपवण्यात आली आहे. सर्व माहिती एकाच व्यक्तीच्या स्मरणात असून उत्तराधिकारी नाही. अर्थसाहाय्यापूर्वी प्रशिक्षित व्यवस्थापक नेमणे आवश्यक.’ मोतीबिंदू असू शकेल आणि तो काढता येतो, हे मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर उणीव लहान झाली असती.

अहवालावर नावं इंग्रजी आद्याक्षरांनी होती. तिसरं नाव, एस. लोखंडे.

मी त्या विषयात पहिली आले. प्रतिष्ठानातली जागा मला मिळाली. जूनमध्ये रुजू झाले तेव्हा पै बाईंनी योजनेसाठी केशरबाईंचाच फड निवडला होता. त्यांनी विचारलं, तमाशाच्या योजनेवर काम करायला आवडेल का? मी म्हणाले, मला संग्रहालयांत जास्त रस आहे. त्यांनी मला संग्रहालयांच्या कामावर घेतलं. त्या फडाच्या फाइलकडे मी नंतर पाहिलं नाही. माझ्या टेबलापासून ते कपाट सहा पावलांवर होतं.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. दसऱ्यानंतर आठवड्यानं मी तात्यांना फोन केला, सादरीकरणानंतर पहिल्यांदाच, तर मागं कसलाच आवाज नव्हता.

“कुठं आहात?”

“घरी. आता बसलो घरी.”

“का?”

“वय झालं की गं.”

मी शनिवारी गावी गेले. तात्या ओट्यावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा, पायाशी शेजाऱ्यांचं मांजर. हातांना काही काम नसल्यामुळं ते सारखे गुडघ्यावरून फिरत होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

“केशरमावशी काय म्हणाल्या?”

“काय म्हननार? शिकलेलं पोरगं आनलंय त्यांनी. कॉम्प्युटर हाय त्याच्याकडं. बरं हाय.”

“तुम्हाला काढलं का?”

“काढतंय कोन मला? मीच म्हनलो, आता पुरे.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो मला नेहमीसारखाच दिसला. राग नव्हता, काही नव्हतं. कागदाबद्दल ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मनात म्हटलं, त्यांना माहीत नाही. सुटले.

“तुझं कसं चाललंय?” त्यांनी विचारलं. “पास झालीस ना?”

“पहिली आले, तात्या. नोकरीपण लागली.”

“झालं तर मग,” तात्या म्हणाले. थोडा वेळ ते गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. तिथून कुणी येत नव्हतं. मग म्हणाले, “चांगलं झालं.”

दिवाळीनंतर मी त्यांना पुण्याला आणून ऑपरेशन करवलं. मोतीबिंदूच होता. एका डोळ्याला पंधरा मिनिटं लागली, महिन्यानं दुसऱ्याला तेवढीच. पट्टी काढल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीवरची सूचना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचली. नर्स हसली. त्यानंतर ते आठ वर्षं जगले, आणि आठही वर्षं त्यांना स्वच्छ दिसत होतं. यात्रांचे दिवस आले की ते एसटी स्टँडवर जाऊन भिंतींवर लागलेली तमाशांची पोस्टरं वाचून यायचे. कुठला फड कुठल्या गावी, कुठल्या तारखेला. घरी येऊन कधी मला सांगायचे, “त्या गावाला अष्टमी द्यायला नको होती.” मी म्हणायचे, हो का. एवढंच.

केशरबाईंचा फड तिसऱ्या वर्षी मोडला. नव्या मॅनेजरनं सगळं नीट लिहून ठेवलं होतं म्हणे. गावं, अंतरं, तारखा. पण एका गावच्या दोन आळ्यांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्टेज एका आळीत घातलं आणि दगडफेकीत दोन बायका जबर जखमी झाल्या. पोलीस केस झाली. बाकीच्या गावांनी हात आखडता घेतला. आमच्या प्रतिष्ठानाच्या वार्षिक अहवालात ती योजना ‘नियोजित कालावधीत पूर्ण’ अशी छापली गेली. त्या अहवालाची मुद्रितं मीच तपासली होती.

तात्या गेले ते झोपेत गेले. दहाव्याला नदीवरून घरी आलो, तर ओट्यावर केशरबाई बसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. फलकावरची भरदार बाई मला आठवत होती, आणि ही वाळलेली म्हातारी, पांढऱ्या केसांची, हातात एकच काचेची बांगडी. त्यांनीच मला जवळ घेतलं.

“बाळी ना तू? केवढी व्हतीस, आई व्हती तवा फडाच्या पेटीवर झोपायचीस.” त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तात्या सांगायचे, पुन्यात बँकेत हाय म्हनून.”

“हो,” मी म्हणाले.

लोक पांगले. मी त्यांना चहा दिला. त्या बशीत ओतून हळूहळू प्यायल्या.

“तुला त्यांनी काय सांगितलं, फड का सोडला ते?”

“वय झालं म्हणाले.”

“वय!” केशरबाई म्हणाल्या. “मी सांगते तुला. लेक हाईस, तुला ठाऊक पायजे. पुन्याच्या कॉलेजातली पोरं आलती अभ्यासाला. त्यांनी कागद लिव्हला. मला आनून दिला त्या ऑफिसवाल्यांनी. मी तात्यांना समोर बसवून वाचून दावला. त्यात लिव्हलं व्हतं, मॅनेजरला दिसत नाय, लपवून ठेवलंय. मला काय धक्का बसला असंल! चाळीस सालं माझ्याकडं मानूस, आन मला ठाऊक नाय. मी म्हनलं, तात्या, हे खरं हाय? त्यांनी वहीवर हात ठेवला. मग म्हनले, ते लिव्हलंय कुनी, नाव वाचा. मी वाचलं. तीन नावं व्हती. एक लोखंडे व्हती त्यात. मी म्हनलं, तात्या, तुमच्या भावकीतली का कोन?”

बशी त्यांनी खाली ठेवली.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हनले, नाय. लोखंडे गावोगाव हायेत. मला वळख नाय.”

आत कुणीतरी भांडी आवरत होतं.

“मग मी म्हनलं, हे बघा, तात्या. उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जाऊ. डोळं नीट करून घेऊ. आन त्या ऑफिसवाल्यांना मी कळवते की कागदात खोटं लिव्हलंय, आमच्या मानसाला चांगलं दिसतंय. त्यांचा पैसा नको मला. मला तुम्ही पायजे. असं म्हनले मी, देवाशप्पथ. तर मला म्हनले, असं करू नका, बाई. कागद खोटा पडला तर त्या पोरीची परीक्षा जाईल. लिव्हलंय ते खरंच हाय, तिनं काय वाईट केलं? असं म्हनले, आन वही माझ्याकडं सरकवून उठून गेले. मी म्हनलं, माघारी येतील. आले नाय.”

केशरबाईंनी डोळे पुसले. मग माझा हात धरून, खरंच उत्तर हवं असल्यासारखं, त्यांनी विचारलं, “परक्या पोरीच्या परीक्षेसाठी मानूस चाळीस सालांची गादी सोडून जातं, असं कुठं ऐकलंयस का तू?”

मी मान हलवली. नाही म्हणून.

“तू पुन्यात असतीस,” त्या म्हणाल्या. “ती लोखंडे बी तिकडंच कुठं असंल. मोठी सायबीन झाली असंल आता. कधी गाठ पडली तर...”

“काय सांगू तिला?” मी विचारलं.

केशरबाईंनी विचार केला. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, लुगडं झटकलं, पायात चपला घातल्या.

“काय नको सांगू,” त्या म्हणाल्या. “तिला त्यांचं तोंडबी आठवत नसंल.”